भागूबाईची मावशी

बाळकुमच्या कोळीवाड्यात भागीरथीला भागीरथी म्हणून हाक मारणारं एकच माणूस होतं, तिचा नवरा गोमाजी, आणि तोही तापानं गेला. उरलेल्या वाड्यासाठी ती भागू होती. पाठीमागे, आणि खरं सांगायचं तर तोंडावरसुद्धा, भित्री भागूबाई. आता आईबापांनी नाव ठेवताना पुढचा विचार केला नाही, त्याला कोण काय करणार? पण ते नाव तिला नुसतं चिकटलं नव्हतं, शोभत होतं. वीज कडाडली की बाई कांबळं घेऊन कोपऱ्यात. खाडीला उधाण आलं की देवापुढे. कोळ्याच्या पोटी जन्मून होडीत बसायची भीती, आणि बाजाराची तर त्याहून. ठाण्याच्या बाजारात मासळी घेऊन बसलेल्या बायकांचा आवाज पार नाक्यापर्यंत जातो. भागूचा आवाज स्वतःच्या पाटीबाहेर पडत नसे. गिऱ्हाईकानं जरा डोळे वटारले की ही बाई बोय मासळी तशीच त्याच्या पिशवीत घाली. शेवटी सासूनं कपाळावर हात मारला आणि तिला घरी जाळी दुरुस्त करायला बसवलं.

ते काम मात्र तिला असं साधलं की सगळा वाडा फाटकी जाळी तिच्याकडे आणून टाकू लागला. तिच्या पडवीत वाशांवर बारा महिने जाळी लटकलेली असत. ती जाळी तेव्हा सुताची नाहीतर सणाची, माशाच्या वासानं मुरलेली. म्हणजे उंदरांना मेजवानीच. महिनाभर खपून विणलेलं जाळं उंदीर एका रात्रीत कुरतडून ठेवी. म्हणून भागूनं मांजरं पाळली. घरात घेण्याची सोय नव्हती, आत शिंक्यावर सुके बोंबील नि जवळा. मांजर आत म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. मांजरांचं घर पडवीच.

आणि तिथून तिच्या जिवाला नवा घोर लागला. जो कशालाही भितो त्यानं पडवीत मांजर पाळू नये, हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पहिलं मांजर कोल्ह्यांनी नेलं. खाडीच्या काठच्या तिवरांत कोल्हे चिकार, अंधार पडला की वाड्याच्या कुंपणापर्यंत येत. दुसऱ्याला गावच्या कुत्र्यांनी घेरून मारलं. एक पिल्लू घुबडानं उचललं, ते तर तिच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी भागू जेवली नाही. जनी, म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण, म्हणाली, "अगो, मांजरासाठी कोन उपाशी राहतं?" मूलबाळ नव्हतं, नवरा गेला, मागोमाग सासूही. पायाशी येऊन अंग घासणारं दुसरं कोण होतं तिला?

मग तिनं तिला येत होतं तेच केलं. गोमाजीचं जुनं जाळं काढलं, भोकं बुजवली, दुहेरी केलं आणि पडवीला आढ्यापासून जमिनीपर्यंत चारी बाजूंनी टांगलं. खालच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या होत्याच, त्यानं काठ जमिनीला घट्ट बसे. कोल्ह्याचं तोंड आत शिरेना, कुत्र्याला काठ उचलता येईना. माणसाला आत यायचं तर काठ हातानं वर धरायचा आणि वाकून शिरायचं. दिवसभर मांजरं गावभर उंडारत. दिवेलागणीला भागू झाकणात जवळा घेऊन खुळखुळवी आणि हाक मारी, "मावशी गो, मावशी!" मग एकेक शेपूट वर करून आत येई, आणि भागू काठ सोडी.

मावशी हे तिच्या मांजरीचं नाव. वाघाची मावशी म्हणून गोमाजीनंच गमतीनं ठेवलेलं. पांढरी, पाठीवर काळे-पिवळे ठिपके, एक कान कोल्ह्यानं फाडलेला. गोमाजीच्या वेळची तेवढी एकच उरली होती, बाकीची पुढची. तो शेवटच्या दुखण्यात पडला होता तेव्हा ही त्याच्या पायथ्याशी बसून असायची.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, त्या हिवाळ्यात येऊरच्या डोंगरातून बिबळ्या खाली आला. आपल्याकडे बिबळ्या असो की पट्टेरी, सगळा वाघच. आधी वाडीतली बकरी गेली, मग कोंबड्या. एके संध्याकाळी जनीचा नवरा गुणाजी आपल्या कुत्र्याला हाका मारत अंगणात उभा होता. कुत्र्याचं नाव वाघ्या. "वाघ्या, वाघ्या रं!" आणि वाघ्या काही आला नाही, वाघ आला. गुणाजीच्या समोरून, केळीच्या आडून, कुत्र्याला मानेला धरून घेऊन गेला. गुणाजीला दोन दिवस ताप भरला.

झालं! वाड्यात सगळ्यांचं एकमत झालं, की दिवे लागल्यावर त्याचं नाव घेतलं म्हणूनच तो आला. गुणाजीनं तर अंगणात उभं राहून बोलावणंच केलं होतं. तेव्हापासून सूर्य बुडाला की ते नाव तोंडातून काढायची बंदी. मग म्हणायचं काय? कुणी 'जनावर' म्हणावं, तर लोक साप समजून पाय वर घेत. कुणी 'तो' म्हणावं, तर बायकांना वाटे नवऱ्याबद्दल बोलतेय. तोड काढली जनीनं. भागूच्या पडवीकडे हात करून म्हणाली, "मावशी हिच्याकडं राहते ना? मंग तो हिचा भाचा!" सगळे हसले. भीतीतलं हसू लवकर पसरतं. आठ दिवसांत वाडाभर 'भाचा' झाला. भाच्यानं काल कुणाचा बोकड नेला, भाच्याचे पाय विहिरीपाशी उमटलेत, पोरं घरात घ्या, भाचा फिरतोय.

भागू हसली नाही. तिचं अन्नपाणी तुटलं होतं. मावशीनं नेमकी तेव्हाच पिल्लं घातली होती, चार, डोळेसुद्धा न उघडलेली. पडवीत दाराशेजारी जुन्या हाऱ्यात, मासळीच्या टोपलीत, चिंध्यांवर ती ठेवली होती. कोल्ह्याला, कुत्र्याला जाळं पुरे होतं. पण वाघाला? एका पंजात चिंध्या करील तो. बाई रात्र रात्र दाराच्या आत कान लावून बसे. पान पडलं तरी छातीत धस्स होई.

तिला खरा भाचाही होता, थोरल्या बहिणीचा मुलगा गोविंदा. डोंबिवलीला स्टेशनाजवळ एका खोलीत बायकोपोरांसह राहायचा, गिरणीत जायचा. मावशीवर त्याची माया होती. वाघाची बातमी त्याच्यापर्यंत गेली तसा तो येऊन बसला. "मावशी, तू इकडे एकटी कशाला मरतेस? चल माझ्याकडे. तिकडे दिवे आहेत, शेजार आहे."

"नं ही?" भागूनं मांजरीकडे बोट केलं.

"मांजरं कुठे ठेवू मी? आमची पाचजणांची एक खोली. बायकोला चालणार नाही."

मांजरं सोडून जायचं म्हणजे जाळ्याचा काठ वर करून ठेवायचा आणि जायचं. जवळा कोण खुळखुळवणार? पण त्याच रात्री डोंगराकडून करवत लाकडावर ओढल्यासारखा त्याचा आवाज आला, आणि बाईचा धीर सुटला. सकाळी तिनं गोविंदाला हो म्हटलं. तो म्हणाला, शनिवारी संध्याकाळी न्यायला येतो, बोचकं बांधून तयार राहा.

हो म्हटल्यापासून तिला मावशीच्या डोळ्यांना डोळा देववेना. मांजर बिचारं नेहमीसारखं पायात घोटाळत होतं. भागूनं शनिवारी त्याला ताजी कोलंबी सोलून घातली आणि पदर तोंडात घालून रडली. आपण घाबरट तर आहोतच, आता बेइमानही झालो, असं तिला वाटलं.

सूर्य खाली गेला. बोचकं उंबऱ्याशी. मावशी पिल्लांना पाजत हाऱ्यात पडलेली. बाकीची दोन मांजरं वाशावर. भागूनं काठ सोडला, चिमणी पेटवली आणि पडवीतच बसून राहिली, कारण गोविंदा यायचा होता. वाट बघताना तिच्या मनात दोन्ही होतं. तो लवकर यावा, आणि येऊच नये.

तेवढ्यात कुंपणापलीकडून जनीची हाक आली, घाईची, कापरी: "भागू! अगो, भाचा आयला! भाचा आयला गो!" आणि धाडकन दार लागल्याचा आवाज.

आता सगळ्या वाड्यात हा शब्द ऐकून सगळ्यांत आधी दार लावणारी बाई तीच असायला हवी होती. पण ती दिवसभर भाच्याची वाट बघत होती ना! तिच्या कानांना तो गोविंदाच ऐकू आला. जनीनं दार आपटलं तेही तिला खटकलं नाही. जनीचं दार नेहमीच आपटतं. अंगणात कुणाचीतरी चाहूल लागली. भागू उठली, एका हातात चिमणी घेतली, दुसऱ्या हातानं जाळ्याचा काठ धरून पार खांद्यापर्यंत वर उचलला आणि गहिवरून म्हणाली, "ये रे बाबा. ये आत. कवाची वाट बघते."

समोर तुळशीपाशी तो उभा होता.

आधी तिला दोन डोळे दिसले, चिमणीच्या उजेडात पेटलेले. मग खांदे. मग ठिपके. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या पायाशी बघत होता. तिथे मावशी हाऱ्यातून बाहेर येऊन उभी होती, अंग फुलवून, कान मागे टाकून, आणि तिच्या नरड्यातून जो आवाज येत होता तो भागूनं इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता.

पाठीमागे दोन पावलांवर दार होतं. भागूला ते ठाऊक होतं. जन्मभर ती सगळ्यांच्या आधी दारात पळत आली होती. पण अंगातलं सगळं पाणी झालं. पाय म्हणजे दुसऱ्याचे. ओरडायला तोंड उघडलं, हवा आली, आवाज नाही. आई एकवीरे, आई एकवीरे, एवढंच डोक्यात, तेही पुरतं होईना.

तो खाली दबला आणि उडी घेतली.

आणि भागूच्या हातातला काठ सुटला. तिनं सोडला नाही, सुटला. बोटांत जीवच राहिला नव्हता. शिशाच्या गोळ्यांसकट सगळं वजन खाली आलं, ते नेमकं त्याच्या डोक्यावर नि पुढच्या पायांवर. नख्या जाळ्यात अडकल्या. त्यानं हिसडा दिला, तशी दुहेरी विणलेली दोरी आणखी गुंतली. त्यानं असा काही आवाज केला की वाशावरची मांजरं कौलांतून बाहेर गेली. आढ्याचा बांबू कडाकड मोडला, चिमणी पडून विझली. भागू मागे उंबऱ्यावर आपटली. तिच्या हाताला हारा लागला. तो तिनं धरला नि ओढला, स्वतः सरपटत आत गेली आणि अंधारात अडसर घातला.

बाहेर धडपड चालली होती. मग गोळ्यांचा खडखडाट अंगणातून निघाला, कुंपण मोडलं, शेताच्या बांधाकडे लांब लांब जात राहिला. मग काही नाही.

हाऱ्यात हात घातला. एक, दोन, तीन, चार. चारही होती, किंकाळत होती. मावशी नव्हती.

भागूनं पिल्लं पदरात घेतली आणि दाराला पाठ लावून बसली. हाक मारायची होती. 'मावशी गो, मावशी,' एवढंच तर म्हणायचं. पण हाक ऐकून तो परत आला तर? आणि बाहेर? बाहेर जाऊन बघायचं? ती मनात म्हणाली, देवा, ही भीती घेऊन मला कशाला जन्माला घातलंस? मीच काठ उचलला. मीच 'ये बाबा' म्हटलं. माझ्याच तोंडानं तिला मारलं. पिल्लं आईला शोधत तिच्या पोटाशी डोकी घुसळत होती आणि बाई तोंड दाबून रडत होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अंगणात पावलं वाजली.

"मावशी!"

भागूनं पिल्लं आणखी जवळ ओढली.

"मावशी, ए मावशी! दार उघड, मी आलोय. तुझा भाचा!"

तो शब्द ऐकला मात्र, आणि तिनं दारावर पाठ आणखी दाबली. माणसाचा आवाज होता, गोविंदाचाच होता, हे तिला कळत होतं. पण कळणं डोक्यात राहिलं. एकदा त्या शब्दाला दार उघडलं होतं ना! आता हात अडसराकडे जाईना.

गोविंदा बिचारा उशिरा आला होता तो मोटार वाटेत बंद पडली म्हणून, माजिवड्यापासून चालत. त्याला काय माहीत? काडी ओढून बघतो तर पडवी मोडलेली, जाळं नाहीसं, चिमणी फुटलेली, उंबऱ्यावर रॉकेल सांडलेलं. "मावशी! अगं बोल ना! मावशी!" आवाज रडवेला झाला.

आणि वरून, कौलांवरून, उत्तर आलं: "म्याँव."

गोविंदाची बोबडी वळली. "म... मावशी?"

"म्याँव," कौलं म्हणाली.

गोविंदानं पुढे शपथेवर सांगितलं, की त्या क्षणी त्याला वाटलं मावशी मेली नि मांजर झाली. पळायला पाय उचलला होता म्हणे. पण आत भागूनं ते ऐकलं. कोणती 'म्याँव' कुणाची, हे तिला सांगायला नको. आणि जी बाई दिवसाढवळ्या विहिरीवर एकटी जात नसे, तिनं अडसर काढला, दार सताड उघडलं, अंधारात, दिव्याशिवाय, मोडक्या पडवीतून अंगणात आली. समोर भाचा उभा होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर करून, फुटक्या आवाजात म्हणाली, "मावशी गो, मावशी! ये, खाली ये. गेला तो."

मावशी कौलांवरून खांबावर, खांबावरून खाली आली. शेपूट अजून फुललेलं. आली ती भागूच्या पायाशी नाही, तिला ओलांडून सरळ आत, पिल्लांपाशी. मग भागू अंगणातच बसली आणि मोठ्यानं रडली. एवढ्या मोठ्यानं, की पहिल्यांदाच तिचा आवाज जनीच्या घरापर्यंत गेला.

सकाळी गुणाजी आणि चार बाप्ये काठ्या घेऊन गेले. जाळं शेताच्या बांधावर पडलेलं मिळालं, फाटून लक्तरं झालेलं, गोळ्या चिखलात. तो सुटून डोंगराकडे गेला होता. सगळा वाडा भागूच्या अंगणात जमला. जनी कानशिलावर बोटं मोडून म्हणाली, "काय गो ही बाय! वाघावर जालं टाकलं! हिला आमी भित्री म्हणायचो."

भागूला एवढा राग कधी आला नव्हता. "कोनी टाकलं? मना भ्या वाटलं नं हात सुटला! धीट असते तर धरूनच उभी राहिले असते, नं माझी मावशी गेली असती." मग जनीकडे वळली. "आनि तू! सरळ 'वाघ आला' म्हणायला काय तुझी जीभ झडली असती?" दिवस होता, म्हणून नाव घेतलं तिनं.

गोविंदानं बोचकं उचललं. "चल मावशी, ऊन चढायच्या आत निघू."

भागू बांधावरून आणलेलं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. कुठून फाटलंय ते चाचपत होती. वर न बघता म्हणाली, "तू जा रे बाबा. येते म्हटलं होतं, पन नाय येत."

"अगं, तो परत आला म्हणजे?"

"येईल की. मना भ्या वाटतंच हाय." तिनं जाळ्याच्या सुईत सूत ओवलं. "पन तुझ्याकडं मी एकटी भिईन. इथं आम्ही सगळ्या मिळून भितो."

गोविंदा बोचकं तिथेच ठेवून गेला. त्यानंतर तो दर सणाला येई, पण मावशीच्या दाराशी उभा राहून 'भाचा आलाय' कधी म्हणाला नाही. कुंपणाबाहेरूनच स्वतःचं नाव, बापाचं नाव, डोंबिवली, सगळं ओरडून सांगे. मग आत सुई थांबल्याचं कळे. भागू जाळ्याच्या भोकातून त्याला नीट बघून घेई, आधी पाय, मग तोंड, आणि मगच काठ उचले.